आमची वाटचाल : ॲडमिनची स्क्रीन कोणासाठी असते

वेबसाइट वाचणाऱ्या माणसाला आमच्या कंपनीचे नाव ठाऊक नसते आणि ते असण्याचे कारणही नाही. आम्ही कन्टेंट मॅनेजमेंट सिस्टीम (सीएमएस), म्हणजे वेबसाइटवर मजकूर चढवण्याची आणि सांभाळण्याची प्रणाली बनवतो आणि तिच्या ज्या भागाचा आम्हाला सर्वांत अधिक अभिमान वाटतो, तो भाग, म्हणजे ॲडमिन, लॉगिनच्या पलीकडे असतो. उपसंपादक, संस्थांचे कर्मचारी, ग्रंथपाल अशी जी माणसे रोज तिथे बसून मजकूर चढवतात, त्यांनाच आमचे काम दिसते. या धंद्यात खरेदीची सही मात्र त्यांची नसते, आणि आमच्या वाटचालीतले बहुतेक बरेवाईट या एका गोष्टीतून आले आहे.

सप्टेंबर २००५ मध्ये मॅम्बो या तयार सीएमएसपासून वेगळी होऊन जूमला ही नवी सीएमएस बाहेर पडली, त्याच सुमारास आम्ही सुरुवात केली. वर्डप्रेस या दुसऱ्या सीएमएसला तेव्हा दोन वर्षे होऊन गेली होती आणि पीएचपी ही भाषा व मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून स्वतःची सीएमएस लिहिणाऱ्या लहान कंपन्या भराभर उभ्या राहत होत्या. तयार प्रणाली घेऊन तिच्यावर थीम चढवून विकणे सोपे होते, पण आमचे ग्राहक नियतकालिके आणि संस्था होते. त्यांना अंक, लेखमाला, दोन टप्प्यांतली मंजुरी आणि जुन्या अंकांचा शोध हवा होता, आणि त्या वेळी एवढ्यासाठी पाचसहा प्लगइन, म्हणजे जोडप्रोग्रॅम, एकमेकांना जोडून देवावर हवाला ठेवावा लागे. म्हणून आम्ही आमची प्रणाली पहिल्या टेबलापासून स्वतः लिहिली.

डेटाबेसची रचना माझी होती. ॲडमिनचा भाग माझ्या पहिल्या भागीदारांचा. त्यांची काम तपासण्याची एक पद्धत होती, जी आजही आमच्याकडे पाळली जाते. नवा फॉर्म तयार झाला की ते माउसची वायर काढून बाजूला ठेवत आणि टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर आणि बाणाच्या कळा एवढ्यांवर एक संपूर्ण लेख चढवून पाहत. फोकस, म्हणजे कळ दाबल्यावर जिथे परिणाम होतो ती जागा, कुठे हरवला, कोणत्या बटणावर तो दोनदा आला, तारखेच्या खिडकीतून बाहेर पडता येत नाही की काय, हे सारे ते पेन्सिलीने स्क्रीनच्या छापील प्रतीवर टिपून ठेवत. अपंगांनाही वेबसाइट वापरता याव्यात म्हणून केलेल्या वेब कन्टेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्सची २.० ही आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि सगळे काही कीबोर्डवरून करता आले पाहिजे, असे तिने स्पष्ट सांगितले. आमचे भागीदार ते त्याआधीपासून करत होते, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणी ते नोंदवलेले नाही.

पुढची काही वर्षे काम वाढत गेले, त्यात वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये वर्डप्रेस ३.८ आले. डावीकडे गडद मेनू, मोठी अक्षरे, सपाट चिन्हे आणि मोबाइलवर नीट बसणारी मांडणी, असा त्याच्या ॲडमिनचा नवा चेहरा होता. त्या लोकांनी काम विचारपूर्वक केले होते: तो चेहरा आधी एमपी६ नावाचे प्लगइन म्हणून ज्याला हवा त्याला चालू करता येत होता आणि वापरून वापरून तासल्यावरच तो मूळ प्रणालीत गेला. धंद्यातल्या इतरांनी त्यातून उचलला तो फक्त गडद रंग. वर्षभरात प्रत्येक बैठकीत ‘तसे दिसणारे’ काहीतरी मागितले जाऊ लागले आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या क्षेत्रात एक नवी कंपनी उतरली. तिचे नाव मी घेणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

त्यांचा डेमो मी स्वतः पाहिला आहे. लॉगिन होताच समोर डॅशबोर्ड, त्यावर वाचकसंख्येचे तीन आलेख, एक गोल तक्ता आणि हळूच सरकत येणारे आकडे. ‘नवा लेख’ दाबला की मागची स्क्रीन धूसर होऊन तिच्यावर दुसरा थर उघडे. ड्रुपल या आणखी एका सीएमएसच्या ७ या आवृत्तीत जानेवारी २०११ पासून असाच ओव्हरले, म्हणजे वरचा थर, होता आणि ड्रुपल ८ मध्ये तो काढून टाकण्यात आला, पण हे त्या खोलीत कोणाला माहीत असणार? डेमोच्या साइटवर मोजून आठ लेख होते, आणि आठ लेखांची यादी कोणत्याही सीएमएसमध्ये देखणीच दिसते. फील्डची नावे पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात लिहिलेली होती. पांढऱ्या पार्श्वभूमीवर #७६७६७६ हा करडा त्याच गाइडलाइन्समधल्या ४.५:१ या कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांतल्या उजेडाच्या फरकाच्या, अटीला जेमतेम उतरतो आणि #९९९९९९ घेतला तर गुणोत्तर २.८५ च्या आसपास येते. त्यांचा रंग त्याहूनही फिकट होता. रात्रपाळीला आठ तास त्या अक्षरांकडे पाहणारे कोणीच त्या खोलीत नव्हते. होते ते व्यवस्थापनातले, आणि त्यांना आलेख आवडले.

आमचा सर्वांत मोठा ग्राहक त्या महिन्यात गेला. पत्रात कारण एका ओळीचे होते: आमची प्रणाली जुनाट दिसते. ती एकदाही बंद पडली नव्हती, एकही लेख हरवला नव्हता, त्यांच्या प्रत्येक विशेषांकासाठी आमची माणसे रात्री जागली होती, याचा त्या पत्रात उल्लेख नव्हता. पाठोपाठ आणखी दोघे गेले. पगार पुढे ढकलावे लागले, जागा लहान करावी लागली आणि माझ्या भागीदारांनी कोणी न सांगता स्वतःचा हिस्सा घेणे थांबवले. कंपनी बंद करून दोघांनी कुठे तरी नोकरी धरावी, इथपर्यंत बोलणे आले होते. मला राग यायचा तो स्पर्धेचा नव्हता. ज्यांनी उभ्या आयुष्यात एकही लेख चढवलेला नाही, त्यांनी चढवणाऱ्यांना न विचारता निर्णय घेतला, याचा राग होता आणि तो अजूनही गेलेला नाही.

त्या काळात एका मासिकाच्या कार्यकारी संपादक बाईंनी आम्हाला धरून ठेवले. त्यांच्याकडेही तो डेमो झाला होता. त्यांनी तिथेच आपल्या चालू अंकाचे सगळे लेख चढवून दाखवा असे सांगितले आणि समोरच्यांनी पुढची तारीख मागितली. नंतर बाईंनी आम्हाला फोन करून एवढेच म्हटले, “तुमची स्क्रीन बदलायची गरज आहे, पण बदलायच्या आधी आमच्याजवळ येऊन बसा.” आम्ही बसलो. अंक बंद होण्याच्या आठवड्यात, त्यांच्या उपसंपादकांच्या मागे खुर्ची टाकून, एक शब्द न बोलता बसलो.

तिथे एका मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली एक चिठ्ठी आम्हाला सापडली. निळ्या पेनाने लिहिले होते: आधी विभाग. मग जतन. मग चित्र. चित्रानंतर परत जतन. प्रकाशित शेवटी, खालचे बटण. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ही चिठ्ठी उतरवून घ्यायला सांगत. भागीदारांनी ती वहीत जशीच्या तशी लिहून घेतली आणि आमच्या नव्या ॲडमिनचा आराखडा म्हणजे वस्तुतः त्या पाच वाक्यांना दिलेली उत्तरे आहेत.

विभाग आधी निवडावा लागे, कारण चित्राचे फोल्डर विभागावरून ठरे. आम्ही चित्राची जागा त्याच्या स्वतःच्या क्रमांकाला बांधली आणि क्रमाची सक्ती संपली. मध्ये ‘जतन’ दाबावे लागे, कारण सेशन, म्हणजे लॉगिनची मुदत, संपले तर टंकलेले जाण्याची भीती असे. आता मजकूर काही सेकंदांनी सर्व्हरवर आणि त्याशिवाय ब्राउझरच्या साठ्यातही राहतो, आणि सेशन संपलेच तर लेख समोरून न हलवता त्याच जागी पासवर्ड विचारला जातो. विभागांची यादी शेकडो नावांची होती आणि ती चार ओळींच्या चौकटीत सरकवत शोधावी लागे. तिथे दोन अक्षरे टंकली की गाळली जाणारी यादी आली, आणि त्या माणसाने अलीकडे वापरलेले विभाग सर्वांत वर.

सर्वांत जास्त वेळ गेला तो ‘प्रकाशित’ या एका बटणावर. लेखाची अवस्था आणि बसलेल्या माणसाचा अधिकार या दोन्हींवर ते बटण अवलंबून असते. वार्ताहराला ‘संपादकाकडे पाठवा’ दिसले पाहिजे, संपादकाला ‘प्रकाशित करा’, वेळ पुढची असेल तर ‘वेळ ठरवा’, आणि लेख आधीच प्रकाशित असेल तर ‘बदल प्रकाशित करा’. आम्ही वर एक पट्टी ठेवली, जी कितीही खाली सरकले तरी हलत नाही. तिच्या एका टोकाला लेखाची सध्याची अवस्था शब्दांत लिहिलेली, दुसऱ्या टोकाला ठळक बटण एकच. ‘काढून टाका’ त्या पट्टीवरून पूर्णपणे हलवले. ते लेखाच्या तळाशी गेले आणि काढलेला लेख परत आणण्याची सोय त्याच्यासोबत दिली. केवळ रंगावरून अवस्था ओळखावी लागेल अशी एकही जागा आम्ही ठेवली नाही.

देवनागरीचे काम वेगळे होते आणि ते कोणी वाखाणत नाही, म्हणून इथे लिहितो. रोमन लिपीसाठी ठरवलेल्या ओळीच्या उंचीत वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात. प्रत्येक इनपुटची आणि प्रत्येक बटणाची उंची आम्ही पुन्हा बसवली. स्लगचेही, म्हणजे शीर्षकावरून बनणाऱ्या लेखाच्या वेबपत्त्याच्या तुकड्याचेही, तसेच. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि यूआरएलमध्ये सांकेतिक रूपात ते नऊ जागा खाते. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये स्लगचा रकाना २०० जागांचा आहे, म्हणजे मात्रा आणि हलन्त धरून अवघी बावीस चिन्हे, आणि पुढचे शीर्षक गुपचूप तुटते. आमच्याकडे रकाना मोठा आहे आणि स्लगच्या खाली किती जागा उरली ते टंकतानाच दिसते.

नवी स्क्रीन आम्ही कोणावर लादली नाही. जुनी आणि नवी एकाच डेटाबेसवर, त्याच फील्डच्या नावांसह शेजारी शेजारी चालू ठेवल्या आणि अदलाबदलीचा अधिकार साइटला न देता प्रत्येक वापरणाऱ्याला दिला. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० ने ब्लॉक एडिटर आणला, तेव्हा जुन्याची सवय असलेल्यांसाठी क्लासिक एडिटर नावाचे प्लगइन त्यांनाही द्यावे लागले आणि त्याला मोठा वापर मिळाला. हाताला वळण लागलेले असते आणि अंक बंद होण्याच्या रात्री नवे वळण शिकवता येत नाही.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना काही सांगावेसे वाटते, कोणी विचारलेले नसले तरी. फील्डची नावे सुधारण्याचा मोह आवरा. ‘उपशीर्षक’ चे ‘टॅगलाइन’ केल्याने तुमच्या ग्राहकाची प्रशिक्षणाची सगळी कागदपत्रे रद्द होतात. ॲडमिनमधले पत्ते बदलू नका, कारण लोकांनी ते बुकमार्क केलेले असतात. डेमो कधीही स्वतःच्या आठ लेखांवर देऊ नका, ग्राहकाचा जुना डेटा मागून घ्या, आणि चढवणारा माणूस खोलीत नसेल तर डेमो पुढे ढकला, मग समोर कोणीही बसलेले असो. मजकूर तयार करण्याच्या साधनांसाठीच्या ऑथरिंग टूल ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्सची २.० आवृत्ती सप्टेंबर २०१५ पासून प्रमाण म्हणून उपलब्ध आहे. तिचा पहिला भाग साधन वापरणाऱ्या लेखकाबद्दल आणि दुसरा त्या साधनातून बाहेर पडणाऱ्या मजकुराबद्दल आहे. तो पहिला भाग आमच्या क्षेत्रात फार थोडे लोक उघडून पाहतात. तुम्ही पाहा. आणि पैसे टप्प्याटप्प्याने घ्या. काम पडताळणाऱ्याचे नाव करारात लिहून घ्या.

बाईंचा अंक नव्या स्क्रीनवरून वेळेत निघाला आणि त्यांच्या शब्दावर दोन संस्था आमच्याकडे आल्या. मोठा ग्राहकही कालांतराने परतला, पण ते परतणे आम्हाला सोपे गेले नाही. त्यांचा मजकूर त्या कंपनीकडून आला तेव्हा लेखकाचे नाव, ठिकाण आणि चित्रओळ हे तिन्ही मजकुराच्या पोटात रंग आणि आकारासह कोंबलेले होते. वेगवेगळी फील्ड शिल्लकच नव्हती. आमच्या लोकांनी स्क्रिप्ट लिहून जेवढे सुटले तेवढे सोडवले, बाकीचे एकेक लेख उघडून हाताने वेगळे केले, आणि त्या कामाचे बिल मंजूर होताना अर्धे झाले. त्यानंतर त्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या आवृत्तीत न हलणारी पट्टी दिसली: डावीकडे शब्दांत अवस्था, उजवीकडे एकच बटण. एका कार्यक्रमात त्या पट्टीचे कौतुक झाले तेव्हा मी प्रेक्षकांत होतो. माझे भागीदार म्हणतात, वापरणाऱ्याची सोय झाली ना, सोडून द्या. मला ते सोडवत नाही.

सध्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून शब्दाशब्दाचा फरक दाखवणारी स्क्रीन आम्ही नव्याने लिहीत आहोत. परिच्छेद एका जागेवरून दुसरीकडे हलवला की साधे तुलनेचे अल्गोरिदम तो एकीकडे काढलेला आणि दुसरीकडे नवा घातलेला दाखवतात, आणि मुद्रितशोधकाला तो सगळा पुन्हा वाचावा लागतो. हलवलेला परिच्छेद हलवलेलाच दिसावा, अशी बाईंची मागणी आहे. भागीदारांनी पहिला कच्चा नमुना माउस काढून तपासला आहे. एका फरकावरून पुढच्या फरकावर कीबोर्डने जाताना फोकस अजून एका जागी अडकतो. ते सुटले की आवृत्ती आधी बाईंकडे जाईल.