हेअर ड्रायर, टोरॉइड आणि न घेतलेला कंडिशनर

पॉवर कंडिशनर (घरच्या विजेतला गोंगाट गाळणारा डबा) घ्यायचं जवळपास ठरलंय, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. तो घेतला नाही. कारण आमच्या कन्येचे केस.

ॲम्प्लिफायरमधला टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा, ट्रान्सफॉर्मर अधूनमधून घुमायचा. स्पीकरमधून नव्हे, थेट डब्यातून. मी खापर लाइनच्या व्होल्टेजवर फोडून मोकळा. दोन आठवडे मल्टिमीटर लावून वहीत आकडे लिहिले: सकाळी २३८, रात्री दहाला २२६. पण घुमण्याशी मेळ काही बसेना. मग एका रविवारी मुलगी न्हाऊन आली, ड्रायर लावला आणि डबा घुमला. "जरा फुलवर कर गं," म्हटलं. फुलवर शांत. निम्म्यावर परत घूं.

बऱ्याच साध्या ड्रायरमध्ये निम्म्या उष्णतेसाठी नुसता एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. तो लाटेचा अर्धाच भाग ओढतो, मग घरातल्या वायरिंगमध्ये व्होल्टेजची घट एकाच बाजूला पडते आणि मेन्सवर थोडं डीसी, म्हणजे एकाच दिशेचं व्होल्टेज, उरतं. टोरॉइडच्या गाभ्यात हवेची फट नसते, त्यामुळे अर्धा-एक व्होल्ट डीसीनेही तो सॅच्युरेशनकडे (गाभ्यात आणखी चुंबकत्व मावत नाही अशा स्थितीकडे) सरकतो आणि कुरकुरतो. मी जो कंडिशनर बघत होतो तो वरच्या फ्रीक्वेन्सीचा गोंगाट गाळणारा. त्यातून डीसी आरामात पार जातं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (वीज थेट तारेने न जोडता पुढे पोचवणारा) डीसी अडवेल, पण मग तोच घुमेल! इथे हवा डीसी ब्लॉकर: लाइनमध्ये सिरीजला मोठे कपॅसिटर आणि त्यांना समांतर डायोड. हे सगळं २३० व्होल्टवर तरंगतं, म्हणून बंद पेटी, फ्यूज आणि शेजारी जाणकार माणूस असल्याशिवाय मी हात लावणार नाही.

सर्जची, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीची, गोष्ट वेगळी. मेहुण्याने न्यू जर्सीहून कौतुकाने सर्जवाली पट्टी आणली होती. ती १२० व्होल्टची. तिच्यातले व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज आला की तो वळवणारे भाग) आपल्या २३० वर आधी तापतील, मग जळतील. ती शोकेसमध्ये ठेवली. इथली २७५ व्होल्टची पट्टी घेण्याआधी वायरमनला बोलावलं, कारण इमारत जुनी आहे, नौपाड्यातली. त्याने फेज आणि अर्थमध्ये मीटर धरला. २३० च्या जागी १४० दाखवत होता, तेही डुलत. म्हणाला, "काका, ही तिसरी पिन नुसती शोभेची आहे." मीटर रूममध्ये अर्थची लग गंजून सुटलेली निघाली. म्हणजे पट्टी घेतली असती तरी तिच्यातल्या अर्थकडच्या व्हॅरिस्टरना सर्ज टाकायला जागाच नव्हती. आणि त्याहून वाईट म्हणजे ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला संरक्षणही नव्हतं. आता फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्टच्या आत.

मग डीबीमध्ये (घरातल्या एमसीबींच्या पेटीत) टाइप २ एसपीडी, म्हणजे सर्ज अडवणारं उपकरण, बसवून घेतला, अर्थची वायर शक्य तितकी आखूड ठेवून. त्याची हिरवी खिडकी लाल झाली की बदलायचा, कारण मोठ्या धक्क्यांनी व्हॅरिस्टर झिजतो. शिवाय ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले. यावर मी दुकानदाराशी भांडलो, त्याचं म्हणणं एसपीडी पुरे. पुरे नाही. तीन फेजच्या इमारतीत न्यूट्रल तुटला तर एखाद्या घरात व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढू शकतं आणि मिनिटंच्या मिनिटं तिथेच राहतं. व्हॅरिस्टर मायक्रोसेकंदांसाठी बनलेला, तो तेवढ्यात कोळसा होईल. रिले सरळ लाइन तोडतो, आणि वीज आल्यावर थोडं थांबून जोडतो.

स्पीकरमधली ५० हर्ट्‌झची बारीक हम वेगळीच निघाली: सेट-टॉप बॉक्सची केबल काढली की गायब. ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडला जाऊन तयार झालेलं वेटोळं. कोअक्सवर आयसोलेटर टाकला, विषय संपला.

ब्लॉकरसाठी १०,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बघायला शनिवारी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चाललोय. तोवर गाणी चालू असली की ड्रायर फुलवर, असा घरगुती करार झालाय. मुलीने बदल्यात नवा ड्रायर मागितला. घेऊन देतो, पण तिची अट आहे की बाबा दुकानात मीटर घेऊन येणार नाहीत.