गाणी विकत का घेता?

भजनाला येणारी तरुण मुले मला वरचेवर विचारतात, "काका, फोनवर सगळं फुकट ऐकायला मिळतंय की, मग एकेका गाण्याला पैसे कशाला घालताय?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खानापूर सोडून जांबोटीच्या बाजूला जंगल दाट होऊ लागले की फोनची रेंज जाते, आणि आमच्या मंडळाची तालीम त्याच बाजूच्या एका गावातील देवळात होते. पेटीवर एखादी अवघड जागा बसवायची, तर मूळ रेकॉर्डिंगमधली तेवढीच ओळ कापून घेऊन, तिची लय निम्म्यावर आणून, ती वीस-वीस वेळा ऐकावी लागते. गाण्याची फाइल आपल्या हातात असेल आणि तिला कुलूप नसेल, तरच हे जमते.

हे कुलूप मी सोसलेले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका फोनवर विकत घेतलेले अभंग तो फोन बिघडल्यावर संगणकावर उतरवले, तेव्हा पडद्यावर नावे सगळी दिसत होती, पण एकही अभंग वाजेना. अशा फाइलमध्ये गाणे सांकेतिक रूपात बंद केलेले असते आणि ते उघडण्याची किल्ली ठरावीक यंत्रांनाच दिलेली असते. पैसे मोजणाऱ्याच्या हाती ती किल्ली येत नाही.

इंटरनेटवर गाणी विकणाऱ्या मोठ्या दुकानांनी ही पद्धत सोडली ती २००७ पासून. त्या वर्षी आधी ॲपलने ईएमआय या संगीत कंपनीची गाणी बिनकुलुपाची विकायला काढली, सप्टेंबरात ॲमेझॉनने अमेरिकेत केवळ अशाच एमपीथ्री फाइलींचे दुकान उघडले, आणि जानेवारी २००९ मध्ये ॲपलने आपल्या दुकानातील सर्वच गाण्यांचे कुलूप काढत असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाने अशी विक्री सुरू केली. ते दुकान पुढच्याच वर्षी बंद झाले, परंतु तेथून घेतलेली गाणी माझ्या पेन ड्राइव्हवर आजही वाजतात. आता मी बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर शोधतो, कारण तेथे आवाजाचा कस न घटवता साठवलेली फ्लॅक फाइलही मिळते.

कुलूप नाही म्हणजे वाटत सुटण्याची मुभा आहे, असे मात्र नाही. कॉपीराइट कायम असतो. म्हणून मुलांनी पेन ड्राइव्ह मागितला, तर मी तालमीत बसून हवे तितक्या वेळा ऐकवतो, पण प्रत हवी असेल त्याला ते गाणे कोठे विकत मिळते, ते कागदावर लिहून देतो.