नेमकी जागा रुग्णानेच सांगायची असते

कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, शिंपणे करताना घसरून एका काकांचा उजवा घोटा मोडला होता. हाड नीट जुळले, एक्स-रेमध्ये खोट काढण्यासारखे काही उरले नाही. पण प्लास्टर निघाल्यानंतर पाय सुधारण्याऐवजी दिवसरात्र जळू लागला. दुखापतीला दोन वर्षे उलटून गेल्यावर ते गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून आमच्या वेदना-उपचार विभागात आले, तेव्हा पाऊल जांभळट, सुजलेले आणि डाव्या पावलापेक्षा स्पर्शाला स्पष्ट गार होते. त्वचा तकतकीत झाली होती. मी कापसाचा बोळा हलकेच फिरवला आणि ते कळवळले. रात्री पायावर चादर सहन होत नाही, म्हणून काकूंनी पायावर वेताची पाटी पालथी घालून तिच्यावरून चादर पांघरण्याची युक्ती काढली होती.

हा कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम होता, म्हणजे दुखापत भरून आल्यावरही त्या हातात वा पायात तीव्र वेदना टिकून राहण्याचा विकार. अमेरिकन यादवी युद्धात गोळ्या लागलेल्या सैनिकांमध्ये सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी अशाच जळजळीचे वर्णन करून ठेवले आहे. म्हणजे विकार नवा नाही, तरीही ‘हाड जुळले, मग दुखते कशाला?’ हा प्रश्न काकांना घरातही ऐकावा लागला होता. गोळ्या, फिजिओथेरपी आणि कमरेतील सिंपथेटिक (शरीराचे आपोआप चालणारे व्यवहार सांभाळणाऱ्या) नसांचे ब्लॉक, म्हणजे त्या सुन्न करणारी इंजेक्शने, यांनी दर वेळी थोडे दिवस बरे वाटे आणि दुखणे पुन्हा मूळपदावर येई. अखेर मी मज्जारज्जू उत्तेजनाचा विषय काढला. ‘पाठीत शॉक देणार का?’ असे काकूंनी घाबरून विचारले. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत बारीक तार सरकवायची आणि तिच्यातून इतका सौम्य प्रवाह सोडायचा की मेंदूकडे जाणारा वेदनेचा संदेश वाटेतच दबावा, असे मी समजावले. वेदनेच्या वाटेवर मज्जारज्जूत एक दार असते, हा सिद्धान्त मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडला आणि १९६७ मध्ये नॉर्मन शीली या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी असे उपकरण प्रथम रुग्णाच्या शरीरात बसवले. त्या एका सिद्धान्ताने सगळा परिणाम उलगडत नाही, हे पुढे लक्षात आले. पण समजावून सांगायला दाराची कल्पना आजही उपयोगी पडते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी काकांना पोटाखाली उशी देऊन पालथे झोपवले. पाठ सुन्न केली होती, पण त्यांना जागे ठेवणे भाग होते, कारण पुढचे अर्धे काम त्यांच्याच सांगण्यावर चालणार होते. शिशाचे एप्रन घालून आम्ही सी-आर्मच्या, म्हणजे चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्याकडे पाहत होतो. कमरेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यांच्या फटीतून तिरकी सुई आत जात असताना सिरिंजच्या दट्ट्याला अंगठ्याने जाणवणारा विरोध एका क्षणी नाहीसा झाला. पोकळी सापडल्याची ती खूण असते. सुईतून आठ इलेक्ट्रोडची तार वर सरकवली आणि तिचे टोक छातीच्या दहाव्या मणक्यापाशी आल्यावर प्रवाह सुरू केला.

‘काका, झिणझिण्या कुठे येतात?’

‘डाव्या मांडीत.’

पडद्यावर तार अगदी मध्यावर दिसत होती. परंतु मणक्यांचा मध्य आणि मज्जारज्जूचा मध्य दर वेळी जुळतोच असे नाही. ती किंचित उजवीकडे वळवल्यावर झिणझिण्या बरगडीखाली गेल्या, नंतर उजव्या गुडघ्यात आल्या, आणि नडगीपर्यंत येऊन थांबल्या. पाऊल पकडणे हा या तंत्रातला चिवट भाग आहे. त्यासाठी बहुधा तार खाली, मज्जारज्जूच्या शेवटाकडे आणावी लागते. मी ती थोडी थोडी मागे ओढत होतो, तंत्रज्ञ टॅब्लेटवर इलेक्ट्रोडच्या जोड्या बदलत होते आणि काका प्रत्येक बदलानंतर एखाद्या सर्वेक्षकाच्या काटेकोरपणे जागा सांगत होते: पोटरी, घोट्याची बाहेरची बाजू, टाच. मग ते एकदम म्हणाले, ‘आता अंगठ्यापर्यंत आलं. पंप सुरू केल्यावर पाइपात पाणी भरताना हाताला लागतं ना, तसं. जळत नाही.’ तार तिथेच टाक्याने पक्की केली.

हल्ली सेकंदाला विजेचे १०,००० स्पंद देणारी पद्धतही आहे. तिच्यात झिणझिण्या येत नाहीत आणि तारेची जागा मणक्यांवरून ठरवता येते. ती सोयीची आहे हे मान्य, पण पायाच्या पंज्यात दुखणाऱ्या रुग्णासाठी सेकंदाला सुमारे ५० स्पंदांची जुनी, विचारत विचारत पुढे जाणारी पद्धत मला अधिक भरवशाची वाटते.

यानंतरचे काही दिवस केवळ चाचणीचे असतात. तार पाठीतून बाहेर येते, बॅटरी कमरेच्या पट्ट्यात राहते, आणि वेदना निम्म्याने तरी उतरली तरच कायमचे उपकरण बसवायचे असा सर्वसाधारण दंडक आहे. उपकरणाची किंमत काही लाखांच्या घरात जात असल्याने हा दंडक मला वैद्यकीय निकषाइतकाच रुग्णाच्या खिशाचे रक्षण करणारा वाटतो. काकांनी वेदनेचा दहापैकी आठचा आकडा तीनवर आणला. पण आकड्यापेक्षा मी त्यांना मोजा घालायला सांगितले. त्यांनी तो हळूहळू ओढत घोट्यावर घेतला आणि तसेच वऱ्हांड्यात चालून आले. काकूंनी ती पाटी घरी परत पाठवली.

कायमच्या उपकरणाबद्दल बोलताना मी जंतुसंसर्ग आणि तार सरकणे हे दोन धोके सांगितले. सुरुवातीचे काही आठवडे वाकायचे, कंबर पिळायची किंवा जड उचलायचे नाही, हेही बजावले. आजार मुळापासून जाणार नाही, हे त्यांनी आधीच स्वीकारले होते. त्यांची खरी अडचण वेगळी निघाली. बाहेरून चार्ज करायची बॅटरी अनेक वर्षे टिकते, हे ऐकून ते म्हणाले, ‘डॉक्टर, पावसात आमच्याकडे झाड पडलं की दोन-दोन दिवस वीज नसते.’ चार्जर आधीच भरून ठेवता येतो, असे मी सांगितले, तरी त्यांचे समाधान झाले नाही. त्यांना लागणारा प्रवाह कमी होता, म्हणून चार्ज करावी न लागणारी, पण काही वर्षांनी लहानशा शस्त्रक्रियेने बदलावी लागणारी बॅटरी आम्ही निवडली आणि ती डाव्या नितंबाच्या वरच्या भागात, कमरपट्ट्याला घासणार नाही अशी जागा बघून बसवली.