तुम्ही विचारलंत म्हणून : हे पंख कशाचे बनवलेत?

"ताई, हे पंख कशाचे बनवलेत?" स्टेजच्या मागे विचारतात, एसटीत विचारतात, ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात मी काम करते तिथे दाखला काढायला आलेली माणसंही विचारतात. लगेच दुसरा प्रश्न येतो, "विकत कितीले भेटले?"

विकत नाही भेटले. कॉस्प्लेच्या स्पर्धांत मी जटायू बनते, त्याचे हे पंख. बांबूच्या कामट्या, चपलेच्या तळव्याला वापरतात तो फोम, आजोबांची दोन धोतरं, आमच्या शेतातला कापूस आणि एका जुन्या फवारणी पंपाचे पट्टे, एवढ्यातून झाले. पण हे उत्तर दिलं की समोरचा माणूस मान हलवून निघून जातो आणि मला वाटतं, खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून आज जरा लांब उत्तर देते.

कॉस्प्ले म्हणजे एखादं पात्र निवडायचं, त्याचा वेश घडवायचा, तो अंगावर घालून ते पात्र म्हणून वावरायचं. कॉस्च्यूम आणि प्ले हे दोन शब्द जोडून जपानमधल्या नोबुयुकी ताकाहाशींनी १९८३ च्या सुमारास हा शब्द रूढ केला. गोष्ट त्याआधीची आहे. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तिथे फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातले कपडे घालून आले. दोघांचेही कपडे मर्टलनं तयार केले होते. पुढे कित्येक वर्षं लोक आठवण काढत राहिले ती अॅकरमनची. हे वाचलं तेव्हा मला माझी आई आठवली. गावातल्या निम्म्या लग्नांतले ब्लाऊज तिच्या हातचे असतात, आणि फोटोत ती कुठेच नसते. "विकत कितीले" हा प्रश्न मला लागतो तो यामुळे.

वेशभूषेची स्पर्धा आमच्याकडे कुणाला नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी राजे भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला असं सांगतात. मुलं लाकडी बैल सजवून आणतात, स्वतः नटतात, घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात शाळेसमोर ओळ लागते आणि बैलाला वेगळं, वेशभूषेला वेगळं बक्षीस असतं. मी सात वर्षांची असताना आईनं मला कापसाचं बोंड केलं होतं. हिरव्या अस्तराच्या पाकळ्या, आत खरा कापूस, त्यातून बाहेर फक्त माझं तोंड. पाऊस आला आणि कापूस भिजून इतका जड झाला की मला चालता येईना. आईनं कडेवर घेतलं आणि तशीच ओळीत उभी राहिली. कंपासपेटी मिळाली. पुढे सातवी-आठवीत गेल्यावर पोरं तान्ह्या पोळ्यातून आपोआप बाहेर पडतात. मी पडले, पण मन पडलं नाही. वर्ध्याला कॉलेजात असताना मोबाईलवर कुणाचं तरी कवच बनवण्याचं काम तासभर बघत बसले आणि कळलं, की हे मोठ्या माणसांनाही करता येतं आणि त्याच्याही स्पर्धा असतात. दिल्लीत २०११ मध्ये पहिलं कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांचं संमेलन, भरलं, जपानमधल्या नागोयात तर २००३ पासून परदेशातलीही माणसं वेश करून येतात. मला तेव्हा नागपूरसुद्धा लांब होतं.

पहिला वेश कवचाचा होता. फोम नागपूरहून आणला. हा फोम तापवला की मऊ होतो, हवा तसा वळवून थंड होईपर्यंत धरला की तो आकार धरून ठेवतो. शिवाय तापल्यावर वरची छिद्रं मिटतात, म्हणून रंग आत शोषला जात नाही. हे मला गावातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातल्या दादानं त्याच्या गरम हवेच्या मशीनवर करून दाखवलं. जोडायला चपला दुरुस्त करणारे काका वापरतात ते सोल्युशन. दोन्ही बाजूंना लावायचं, वाळू द्यायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. घाई केली की सांधा उघडतो, आणि एकदा दाबल्यावर सरकवता येत नाही. हे काम अंगणातच करावं, बंद खोलीत त्याच्या वासानं डोकं धरतं.

कवच छान झालं. नागपूरला पाच तास घालून वावरले. रात्री घरी येऊन काढलं तर दोन्ही खांदे सोललेले. पट्टे अरुंद होते आणि सगळा भार त्यांच्यावर.

बाबांनी ते बघितलं. माझे बाबा कमी बोलतात. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं तो बैलाचा खांदा शेकायचा, हळद-तूप चोळायचं आणि म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." बाबा ते चोळणं इतकं सावकाश करतात की आई दोनदा हाक मारते. माझे खांदे बघून ते एवढंच बोलले, "असं जू ठेवलं तं बैल दोन दिसांत बसते." मग कोठ्यातून, म्हणजे गोठ्यातून, जुना फवारणी पंप काढून आणला. सोळा लिटरचा. कपाशीत फिरताना भार खांद्यावर येऊ नये म्हणून त्यांनी त्याला स्वतः कमरेचा रुंद पट्टा लावलेला होता, आणि खांद्याच्या पट्ट्याखाली चिंध्यांची गादी. "भार कमरेवर घे. खांद्यानं फक्त धरायचं."

पंखांची सुरुवात खरं तर इथून झाली.

पात्र जटायू घ्यायचं ठरवलं. म्हातारा पक्षी, समोर रावण, जिंकणार नाही हे त्याला माहीत आहे, तरी आडवा येतो. मला तो लहानपणापासून आवडतो. पण चित्रांमधला जटायू बहुतेकदा गरुडासारखा असतो, आणि मला तो गिधाड म्हणून करायचा होता. अडचण अशी, की मी गावात गिधाड पाहिलेलंच नव्हतं. बाबांनी पाहिलं होतं. नाल्यापलीकडे मेलेली ढोरं टाकायचे, तिथे तीस-चाळीस गिधाडं उतरायची म्हणाले, पोट भरलं की उन्हात पंख उघडून उभी राहायची, "कपडे वाळत घातल्यावानी". मग कमी झाली आणि कधी संपली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. ढोरांना दुखण्यावर द्यायचे त्या डायक्लोफेनॅक औषधामुळे. औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एखादं उरलं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर आमचा नाला रिकामा झाला होता. २०२४ मध्ये ताडोब्यात पिंजऱ्यात वाढवलेली काही आणली, ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितली.

तर हा वेश बाबांच्या आठवणीवरून केलेला आहे. पंख वरून काळपट, खालून पुढच्या बाजूला पांढरे. तो पांढरा भाग आजोबांच्या धोतरांचा. धोतर खळ देऊन कडक केलं, पिसांच्या आकारात कापलं, प्रत्येक पिसाला मधोमध दोऱ्याची शीर शिवली. एकूण तीनशेवर पिसं झाली, त्यातली अर्धी आईनं शिवली आणि मी स्पर्धेच्या फॉर्मवर तिचं नाव लिहिते. मोठी काळी पिसं फोमची. फोमनं ब्लेडची धार फार लवकर जाते, बोथट ब्लेडनं कड फाटते, म्हणून इथे कंजुषी करू नये. मानेभोवती त्या गिधाडाला पांढऱ्या लवीची कॉलर असते. त्याला मी फर शोधत होते, ऑनलाइन बघत होते, आणि पडवीत कापूस पडलेला होता. हातानं सरकी काढली, पिंजला, जाळीच्या कापडावर टाके घालून बसवला. फर इतकं जिवंत दिसलं नसतं.

पंखांच्या हाडांसाठी आधी तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, घेतल्या. हलक्या आणि सरळ, पण वाकवल्या की कट्कन मोडतात. मग बाजूच्या गावच्या टोपल्या विणणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी ओला बांबू चिरून कामट्या काढल्या, जाळावर धरून वाकवायला शिकवलं. "सुका मोडते पोरी, ओल्याले समजावता येते." दोन रविवार त्यांच्या ओट्यावर बसले. दोन्ही पंख मिळून सव्वासहा किलो भरले, किराणा दुकानाच्या काट्यावर. सव्वासहा किलो ऐकायला कमी वाटतं, पण पंख मागे असतात, आणि भार पाठीपासून वीतभर जरी दूर गेला तरी माणूस मागे ओढला जातो. म्हणून सगळी हाडं एका पाटीवर, पाटी पाठीला अगदी घट्ट, पाटीला पंपाचे पट्टे, आणि पट्टा कमरेच्या हाडावर. सलग चार तास घातले तरी आता खांद्यावर वळ उठत नाही. माझ्या वेशात मला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा वाटत असेल तर न उठलेल्या या वळाचा. तो फोटोत दिसत नाही.

स्टेजवर एक पंख पडतो. रावणानं तोडलेला. त्यासाठी डावा पंख एका लोखंडी नळीत बसतो आणि बैलगाडीचं चाक आसातून निसटू नये म्हणून खीळ असते तशी छोटी खीळ त्याला धरून ठेवते. खिळीची दोरी माझ्या उजव्या हाताच्या बोटाला. ही युक्ती झाडीपट्टीतली. मामाचं गाव ब्रह्मपुरीजवळ, तिथे दिवाळीनंतर रात्रभर नाटकं चालतात. तिथल्या एका कलाकारानं मला सांगितलं होतं, की स्टेजवर जे तुटायचं ते आधीपासून तुटलेलंच असावं, फक्त धरून ठेवावं. पहिल्याच प्रयोगात खीळ अडकली आणि पंख पडलाच नाही. मी दोरी तीनदा ओढली, मग तशीच गुडघ्यावर बसले. आता खिळीला मेण लावते.

स्पर्धेबद्दलही विचारता, म्हणून सांगते. चांगल्या स्पर्धेत स्टेजच्या आधी परीक्षक वेश जवळून बघतात. मूळ पात्राचं चित्र मागतात, बनवताना काढलेले फोटो मागतात, काय विकत घेतलं ते विचारतात, शिवण उलटी करून आतली बाजू तपासतात. ही दहा मिनिटं मला स्टेजवरच्या एका मिनिटापेक्षा प्रिय आहेत. एका ठिकाणी परीक्षक बाईंनी कॉलरचा कापूस चिमटीत धरला, विचारलं, "हा कुठला?" म्हटलं, "घरचा." त्यांनी पंपाचा पट्टा ओढून बघितला, खाली गादी आहे का ते बघितलं. कारागिरीचं बक्षीस मिळालं. दुसऱ्या एका स्पर्धेत मात्र असं काही नव्हतं. टाळ्या जास्त त्याला नंबर. भाड्यानं आणलेल्या वेशाला पहिला नंबर मिळाला. त्या मुलाबद्दल माझ्या मनात काही नाही, तो स्टेजवर खरोखर चांगला वावरला. राग आयोजकांचा आला. तीनशे पिसांतलं एकही कुणी हातात घेऊन बघितलं नाही. आतली बाजू बघायची नसेल तर त्याला कॉस्प्लेची स्पर्धा म्हणू नये, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या भागातली एक अडचण शहरातल्या व्हिडिओंत कुणी सांगत नाही, म्हणून लिहून ठेवते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाखाली तर विचारूच नका. सोल्युशन त्या उन्हात मऊ पडतं आणि सांधे स्वतःहून उघडतात. माझी चोच एका दुपारी अशीच दोन तुकडे झाली. तेव्हापासून ओढ बसणाऱ्या प्रत्येक सांध्याला आतून कापडाची पट्टी लावून टाके घालते, आणि उन्हाळ्यात सगळं सामान मातीच्या खोलीत ठेवते. संध्याकाळी व्होल्टेज कमी असतं, तेव्हा हीट गन, म्हणजे ते गरम हवेचं मशीन, नीट तापत नाही. फोमचं काम पहाटे करा.

पंख घेऊन जाते एसटीनं. सुटे करून दोन गाठोडी. एकदा कंडक्टरदादांनी विचारलं, "हे काय होय वं?" जटायूचे पंख म्हटल्यावर त्यांनी ड्रायव्हरच्या मागची जागा मोकळी करून दिली आणि हिंगणघाटपर्यंत कुणाला त्यावर पाय ठेवू दिला नाही.

सध्या पंख माझ्याकडे असून नसल्यासारखे आहेत. जुलै लागला, कपाशीवर फवारणी सुरू झाली, नव्या पंपाचा पट्टा पहिल्याच आठवड्यात तुटला, आणि बाबांनी पाटीवरचे पट्टे सोडवून नेले. विचारून नेले. मीच काढून दिले. पण पुढची स्पर्धा हिवाळ्यात आहे आणि बाजारातले आताचे पट्टे अरुंद येतात, प्लास्टिकचे, त्यांनी खांदा कापतो. तुमच्या कोठ्यात जुना पंप पडलेला असेल, रुंद निवारीच्या पट्ट्यांचा, तर मला कळवा. टाकी फुटलेली असली तरी चालेल.