एका बेरजेने फुटलेली मेमरी

पीडीएफ म्हणजे निर्जीव कागद, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. मी सी++ या प्रोग्रॅमिंग भाषेत फाइल वाचणारा कोड लिहितो, आणि मला ही समजूत फार धोक्याची वाटते.

२०२१चं फोर्स्डएन्ट्री प्रकरण घ्या, म्हणजे फाइल पाठवून आयफोनमध्ये शिरण्याचा हल्ला. सिटिझन लॅब या कॅनडातल्या संशोधनगटाला ते एका सौदी कार्यकर्त्याच्या आयफोनमध्ये सापडलं. फाइलचं नाव गिफ चित्राचं, आत पीडीएफ. फोनधारकाने काही उघडायचीही गरज नव्हती. मूळ दोष जेबिग२चा, म्हणजे स्कॅन केलेल्या काळ्या-पांढऱ्या पानांच्या जुन्या कॉम्प्रेशनचा. ते उलगडणारा कोड चिन्हांची एकूण संख्या ३२ बिटांत मोजत होता. फाइलमध्ये मुद्दाम अवाढव्य आकडे भरले की बेरीज मर्यादा ओलांडून पुन्हा लहान व्हायची. जागा मिळायची त्या लहान आकड्यापुरती, आणि लिहिलं जायचं तिच्यापलीकडे, शेजारच्या मेमरीवर. पुढे तर हल्लेखोरांनी जेबिग२च्याच तार्किक क्रियांमधून एक अख्खा छोटा संगणक रचला! त्याचं विश्लेषण वाचताना मी हादरलो होतो.

अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१मध्ये आयओएस १४.८ आणून ते भोक बुजवलं. तरी असे जुने डिकोडर, म्हणजे फाइल उलगडणारे कोड, अनेक व्ह्यूअरमध्ये आहेत. ते रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्याने लिहावेत, असं मी आग्रहाने म्हणतो. बेरीज तिथेही चुकू शकते, पण बफरच्या, म्हणजे राखून ठेवलेल्या मेमरीच्या, हद्दीबाहेर लिहायला गेलं की प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो.