तुम्ही विचारलेत म्हणून

दरवर्षी जूनचा शेवटचा आठवडा जवळ आला की मला फोन येऊ लागतात. २५ जूनच्या, म्हणजे १९७५च्या आणीबाणीच्या, निमित्ताने कोणाला लेख हवा असतो, कोणाला व्याख्यान, कोणाला आईचे छायाचित्र. पण इकडचे तिकडचे बोलून झाले की आवाज थोडा खाली येतो आणि मूळ प्रश्न बाहेर पडतो : ‘तुमच्या वडिलांनीच तुमच्या आईला पकडून दिले असे म्हणतात, ते खरे आहे का?’ ज्यांना एवढे स्पष्ट विचारणे जमत नाही, ते ‘त्यामुळेच दोघे वेगळे झाले का?’ असे विचारतात. मी आजवर हसून उत्तर दिले आहे, रागावून दिले आहे आणि एकदोनदा फोन ठेवूनही दिले आहे. या वर्षी लिहूनच ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षी नुसते कात्रण पाठवता येईल.

आईबाबा कोण होते हे विचारणाऱ्यांना माहीत असते. बाबा आकाशवाणीच्या एका केंद्रावर वृत्तनिवेदक होते. केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आई समाजवादी चळवळीतली. १९७२च्या दुष्काळानंतर मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांतली ती एक. ती बाबांना ‘अरे’ म्हणत असे, आणि आजीला तिच्या मोर्चांपेक्षा या ‘अरे’चे दुःख अधिक होते.

२६ जून १९७५च्या सकाळी इंदिरा गांधींचे भाषण आकाशवाणीवरून झाले, आणि आई त्याच दिवशी घरातून निघून गेली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री ती मला पाहण्यासाठी म्हणून परत आली. मला ताप होता. बाबा रात्रपाळीला गेलेले होते. पहाटे साडेतीनच्या सुमारास पोलीस आले आणि मिसाखाली, म्हणजे खटल्याविना स्थानबद्ध करण्याच्या कायद्याखाली, तिला घेऊन गेले. ती येणार हे तीन माणसांना ठाऊक होते : आजीला, मामाला आणि बाबांना. आजीला बोल लावायला कोणी धजत नव्हते आणि मामा चळवळीतलाच होता, तेव्हा उरले बाबा. प्रश्नाचा जन्म एवढ्या साध्या वजाबाकीतून झाला आहे. घरासमोर राहणाऱ्या, दार उघडल्याचा आवाज ऐकणाऱ्या आणि रेशनच्या रांगेत सगळ्यांशी बोलणाऱ्या निदान चाळीस माणसांचा हिशेब कोणी केला नाही. पुढे आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या दिवसांत ज्याला त्याला आपापला खबऱ्या हवा होता, आणि आमचा तर आवाजासकट तयारच होता.

त्या आवाजाने लोकांचे काम सोपे केले, हे मी मान्य करते. आई येरवड्याला असताना बाबा रोज संध्याकाळी राज्यात सारे कसे सुरळीत चालले आहे, गाड्या कशा वेळेवर धावत आहेत, हे वाचत होते. स्थानबद्धांची नावे छापायची नाहीत आणि वाचायचीही नाहीत, असा तो काळ होता. म्हणजे बायकोचे नाव घेण्याची मनाई असलेला आणि त्या मनाईच्या हुकुमाप्रमाणे उच्चारांत एकही चूक न करता बोलणारा माणूस रोज संध्याकाळी आमच्या कपाटावरच्या रेडिओत येत असे. ‘मी बातमी लिहीत नाही, वाचतो,’ हे त्यांचे ठरलेले उत्तर होते. मीही ते उत्तर कित्येक वर्षे त्यांच्या वतीने देत आले. आता ते मला पुरेसे वाटत नाही. कागदाचा आवाज माइकवर येऊ नये म्हणून प्रत्येक पान सुटे ठेवून अलगद बाजूला सरकवणाऱ्या, कोणत्या शब्दाआधी श्वास घ्यायचा याची पेन्सिलीने खूण करणाऱ्या माणसाला आपण काय वाचतो हे कळत नव्हते, असे म्हणणे हा त्यांच्या कसबाचाही अपमान आहे. (१९७६ मध्ये किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली, तेव्हा आमच्या गल्लीत जेवढी हळहळ झाली तेवढी आईच्या अटकेची झाली नव्हती; तेव्हा गल्लीने बाबांना फार बोलू नये, असेही मला वाटते.)

बाबा आईला भेटायला एकदाही तुरुंगात गेले नाहीत, हे खरे आहे. विचारणाऱ्यांना हेही माहीत असते. त्यांना माहीत नसते ते आता सांगते, कारण ते मी कोणालाच सांगितलेले नाही.

१९७६च्या जुलैमध्ये मी आणि मामा भेटीला निघालो. त्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना हेबिअस कॉर्पसचाही, म्हणजे अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचाही, आधार उरलेला नाही असा निकाल चार विरुद्ध एक मताने दिला होता, आणि ‘पुढच्या महिन्यात सुटेल’ असे म्हणायचे मामाने सोडून दिले होते. निघण्याच्या आदल्या रात्री बाबा म्हणाले, ‘मीपण येतो.’ आजी काहीच बोलली नाही. एस.टी.मध्ये बाबा माझ्या शेजारी बसले आणि पूर्ण प्रवासभर खिडकीच्या काचेवरचे पाणी हातरुमालाने पुसत राहिले. आतून पुसून बाहेरचे पाणी जात नसते, हे मला दहाव्या वर्षीही कळत होते, पण मी काही म्हटले नाही.

येरवड्याला पोहोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. दरवाजाशी नोंदवही होती. तिच्यात भेटायला आलेल्याचे नाव, पत्ता, नाते आणि व्यवसाय लिहायचा होता. मामाने स्वतःचे लिहिले, माझे लिहिले आणि लेखणी बाबांच्या पुढे केली. बाबांनी ती हातात घेतली. मी त्यांच्या हाताकडेच पाहत होते, म्हणून मला आठवते की लेखणी कागदाला टेकली आणि तिथे शाईचा एक ठिपका उमटला. मग त्यांनी ती खाली ठेवली, स्वतःची छत्री माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘तू जा. मी इथेच उभा आहे.’ मामा रेनकोटात होता. मी छत्री घेऊन आत गेले आणि बाबा पावसात राहिले.

आई बारीक झाली होती आणि हसत होती. शेजारी एक कर्मचारी बाई बसून आमचे बोलणे ऐकत होती. शाळा, गणिताचे मार्क, आजीचे गुडघे असे सगळे झाल्यावर आईने विचारले, ‘बाबा नाही आले?’ मामा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणाले, ‘त्यांची ड्यूटी आहे.’ कोणीही मला असे सांगायला सांगितले नव्हते. बाबांनी नाही, मामाने नाही. ते माझे मीच जुळवले, आणि इतक्या सहज जुळवले की अजूनही त्या मुलीचा मला थोडा धाक वाटतो.

छत्रीवर पांढऱ्या रंगाने मालकाचे नाव घालून घेण्याची तेव्हा पद्धत होती. माझ्या पायाशी मिटून ठेवलेल्या छत्रीतून पाणी निथळत होते. आईने ती उचलली, कापडाची एक घडी उलगडून पाहिली आणि पुन्हा तशीच नीट मिटून माझ्या हातात दिली. ‘जाताना विसरू नकोस,’ एवढेच म्हणाली. तिने नाव वाचले, आणि मी वाचताना पाहिले, आणि आम्ही दोघींनी पुढे आजीच्या लोणच्याविषयी बोलायला सुरुवात केली.

बाहेर आलो तेव्हा बाबा त्याच जागी होते. जवळ आडोसा असूनही ते आडोशाला गेले नव्हते. ‘काय म्हणाली?’ त्यांनी विचारले. मी सांगितले, ‘तुम्हाला विचारले. मी म्हटले ड्यूटी आहे.’ ते म्हणाले, ‘बरे केलेस.’ परतीच्या एस.टी.त त्यांना थंडी वाजत होती, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा आवाज किंचित बसलेला होता, असे आजीला वाटले. मला तो नेहमीसारखाच वाटला.

‘एक सही करायला काय हरकत होती?’ असे मी त्यांना पुढे, कॉलेजात असताना, फार चढ्या आवाजात विचारले. ‘तुझ्या शाळेची फी कशातून जात होती?’ असे ते म्हणाले. या उत्तरावर मी तेव्हा दोन आठवडे बोलले नाही. आज त्या उत्तराला माझ्याकडे प्रतिप्रश्न नाही, पण ते उत्तर मला पटले आहे असेही नाही.

आता वेगळे होण्याविषयी. आई १९७७च्या जानेवारीत सुटली. निवडणुका, विजय, सत्कार यांत एक वर्ष गेले. १९७८ मध्ये बाबांची दिल्लीला मराठी बातम्यांच्या विभागात बदली झाली आणि आई गेली नाही. मथुरा या आदिवासी मुलीवरच्या बलात्काराच्या प्रकरणात पोलिसांना निर्दोष सोडणारा निकाल आल्यावर १९८०च्या सुमारास स्त्रियांच्या चळवळीने जोर धरला, तेव्हा ती महिन्यातले वीस दिवस घराबाहेर असे. बाबा सुट्टीवर आले की दोघे पाहुण्यांसारखे नीट वागत. १९८१ मध्ये परस्परसंमतीने घटस्फोट झाला. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीची ही तरतूद १९७६ मध्ये, म्हणजे ऐन आणीबाणीत, आई आत असताना आली. निदान वर्षभर वेगळे राहिलेले असावे, ही त्यातली अट. ‘आमची सवय तर त्याच सरकारने त्याच वर्षी करून घेतली होती,’ असे आई सांगत असे, आणि ऐकणारे हसावे की नाही या विचारात पडत. घटस्फोटानंतरही ती सकाळी दिल्लीच्या बातम्या लावत असे, आणि एखादा ‘च’ घाईत गेला तर म्हणत असे, ‘बघ, दात दाखवायला हवेत त्याला.’ हे प्रेम होते का, असा प्रश्न कृपा करून विचारू नका. मी तिला विचारलेला नाही.

बाबा २००८ मध्ये गेले. त्यानंतर एका दिवाळी अंकात मी त्यांच्यावर लिहिले, आणि त्यात एक वाक्य होते : ‘बाबांनी आईविरुद्ध कधी कोणाकडे एक ओळही लिहिली नाही.’ ते वाक्य मी फार अभिमानाने लिहिले होते. माझ्या प्रश्नकर्त्यांपैकी काहींनी ते मला परत वाचूनही दाखवले आहे.

ते वाक्य चुकीचे आहे. २०१६ मध्ये घर रिकामे करताना बाबांच्या नोकरीच्या फायलीत एका टंकलिखित इंग्रजी पत्राची कार्बन प्रत मिळाली. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४चे वर्तणूक नियम आहेत. त्यांतल्या पाचव्या नियमानुसार सरकारी नोकराने स्वतः राजकारणात भाग घ्यायचा नाहीच, शिवाय आपल्या घरातल्या माणसाला सरकार उलथवू पाहणाऱ्या चळवळीत पडण्यापासून रोखण्याचा प्रयत्न करायचा, आणि ते न जमल्यास तसे सरकारला कळवायचे. बाबांनी तसे कळवले होते. पत्रात चार ओळी आहेत. आपली पत्नी अमुक चळवळीत आहे, तिला परावृत्त करण्याचे आपण वेळोवेळी प्रयत्न केले, त्यांत यश आले नाही, सबब नियमानुसार कळवीत आहोत. पत्रावरची तारीख अटकेनंतर तेवीस दिवसांची आहे.

मी त्या तेवीस दिवसांना धरून बसले. अटक आधी, पत्र नंतर. तेव्हा पकडून दिले हे खोटे. हे मला आजही ठामपणे म्हणायचे आहे. पण ज्या माणसाची बायको तुरुंगात आहे त्याने तिच्याविरुद्ध चार ओळी टंकून घ्याव्यात, खाली सही करावी, आणि वर्षभराने येरवड्याच्या दाराशी मात्र तीच सही त्याच्या हातून होऊ नये, याची संगती मला लावता येत नाही. कोणी मागितली म्हणून त्यांनी ती सही केली की कोणी मागण्याआधीच केली, हे पत्रावरून कळत नाही.

आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. पत्र दाखवावे की नाही यात माझा महिना गेला. शेवटी एका दुपारी दिले. तिने चष्मा बदलला, कागद खिडकीकडे धरला आणि दोनदा वाचला. मला वाटले होते ती रागावेल, किंवा ‘मला ठाऊक होते’ असे म्हणेल. ती म्हणाली, ‘हे खोटे लिहिले आहे.’

‘काय खोटे?’

‘प्रयत्न केले म्हणतो. त्याने मला एकदाही थांब म्हटले नाही. लाटणे मोर्चाला नाही, त्या जूनमध्ये नाही, कधीच नाही.’

हे तिने कौतुकाने म्हटले की तक्रारीने, ते मला समजले नाही. मी विचारले, ‘म्हणायला हवे होते का?’ त्यावर तिने कागद जुन्या घड्यांवर परत दुमडला आणि ‘जपून ठेव, घडीवर फाटत चालला आहे,’ असे म्हणून चहा टाकायला सांगितले.

आईही आता नाही. पत्र माझ्याकडे प्लास्टिकच्या पाकिटात आहे. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांना मी ते दाखवीन, छायाचित्र मात्र काढू देणार नाही. आणि वाचणाऱ्याने वरच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख आधी वाचावी, मग मजकूर.