गुडघ्यापर्यंत

रविवार, १३ एप्रिल २०२५

आज पोहण्याच्या तलावात रुंदीची एक पूर्ण फेरी मारली. कठड्यापासून समोरच्या कठड्यापर्यंत, मध्ये तळाला पाय न टेकवता. पोहायला लागून तीन आठवडे झाले.

डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं, गुडघ्यांवर भार न घेता व्यायाम करायचा तर पोहा. मी महिनाभर टाळलं. घरी सांगत होतो की सकाळी वेळ मिळत नाही. खरी अडचण उजव्या मांडीची होती. सहा वर्षांचा असताना बंबातलं कढत पाणी अंगावर सांडलं. गुडघ्याच्या चार बोटं वरपासून जवळजवळ कमरेपर्यंत कातडी अजूनही आक्रसलेली आहे, रंगानेही वेगळी. कराडजवळ आमच्या मळ्यात विहीर आहे. आप्पांनी भावकीतल्या सगळ्या पोरांना पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधून तिथे पोहायला शिकवलं. मी तेवढा विहिरीच्या काठावर, थारोळ्यावर बसून राहायचो. ‘हाफ पँट घालून उतर,’ असं आप्पा म्हणायचे, पण तेव्हाच्या हाफ पँटी तोकड्या असायच्या. पोरं मुटके मारायची आणि माझ्या अंगावर नुसते शिंतोडे यायचे.

म्हणून तलावाचा फॉर्म भरल्यावर पहिला प्रश्न कपड्याचा होता. तिथे पाटी आहे: सुती कपडे चालणार नाहीत, कॉस्च्युम आणि टोपी सक्तीची. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, शिवाय त्याचे तंतू सुटून फिल्टरमध्ये जातात. मी घरातली जुनी बर्म्युडा काढली. नायलॉनची, खिशांची, आतून जाळी असलेली, आम्ही तारकर्लीला गेलो होतो तेव्हा घेतलेली. मांडी झाकली जात होती, मला तेवढंच हवं होतं.

पहिल्याच सकाळी कठड्याला पाय लावून अंग ढकललं आणि दोन्ही खिशांत पाणी भरलं. चड्डी फुग्यासारखी फुगली, कमरेवरून खाली सरकली. एका हाताने ती धरायची आणि दुसऱ्या हाताने पाणी मारायचं, असं पोहता येत नाही. पोहायला शिकवणाऱ्या सरांनी बाजूला घेऊन हळूच सांगितलं, ‘हा किनाऱ्यावर फिरायचा कपडा आहे. तुम्ही दोन बादल्या ओढत पोहताय. जॅमर घ्या.’ जॅमर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

संध्याकाळी डेक्कनवर गेलो. दुकानदाराने काउंटरवर तीन प्रकार मांडले. ब्रीफ, म्हणजे जांघेपाशी कापलेला. ट्रंक, म्हणजे मांडीवर थोडा खाली येणारा, चौकोनी. आणि जॅमर, कमरेपासून गुडघ्याच्या जरा वरपर्यंत, अंगाला चिकटून बसणारा. मी ब्रीफकडे पाहिलंही नाही. जॅमर हातात घेऊन आधी लांबी बघितली. ट्रायल रूममध्ये अंतर्वस्त्रावरूनच घालून बघायचा असतो. मांडीवरून वर चढवायला दोन-तीन मिनिटं लागली, मला वाटलं लहान झाला. एक नंबर मोठा मागितला तर दुकानदार म्हणाला, ‘काका, कोरडा असताना आरामात बसला तर पाण्यात सैल होणार. खाली बसून उठून बघा. कंबर काचत नसेल आणि मांडीला चुणी पडत नसेल तर हाच तुमचा.’ बसून उठलो. चुणी नव्हती. आतली नाडी घट्ट बांधली. आरशात गुडघा दिसत होता, त्याच्या वरचं काही दिसत नव्हतं. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो.

कापडाचंही त्यानेच समजावलं. नायलॉन-लायक्राचा कॉस्च्युम हाताला मऊ लागतो, छान ताणला जातो, पण क्लोरीन त्यातला लवचीक धागा खातं. रोज पोहणाऱ्याचा काही महिन्यांत लोंबायला लागतो. लायक्रा नसलेला पॉलिस्टरचा जरा ताठ असतो, पण क्लोरीनला टिकतो. मी रोज जाणार होतो, म्हणून पॉलिस्टरचा घेतला, गडद निळा. पोहून आल्यावर लगेच साध्या पाण्यातून काढतो, पिळत नाही, टॉवेलमध्ये दाबून सावलीत टाकतो. मशीनमध्ये तर घालतच नाही.

ऑफिसमधला एक जवळचा मित्र म्हणाला, ‘एवढं काय, डाग दिसला तर दिसला. मोकळा हो.’ त्याचं म्हणणं प्रेमाचं आहे, पण मला ते पटत नाही. मांडी माझी आहे, ती कोणाला दाखवायची हे मी ठरवीन. झाकल्यामुळे मी पाण्यात उतरू शकलो, उघडं ठेवायचं म्हटलं असतं तर अजून थारोळ्यावरच असतो. ज्यांना ब्रीफ आवडतो त्यांनी तो खुशाल घालावा, त्यात पाय मोकळे राहतात. ज्याला जे घालून पाण्यात उतरावंसं वाटेल ते त्याने घालावं.

आज सकाळी सर मोठ्या मुलांना स्टॉकहोमची बातमी सांगत होते. काल जर्मनीचा लुकास मेर्टेन्स ४०० मीटर फ्रीस्टाइल ३ मिनिटं ३९.९६ सेकंदांत पोहला. २००९ साली रोममध्ये पॉल बीडरमनने पॉलियुरेथेनचा, म्हणजे प्लास्टिकसारखा पोशाख घालून केलेला ३:४०.०७ चा विश्वविक्रम त्याने मोडला. रोमच्या त्या एका स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले, आणि १ जानेवारी २०१० पासून असल्या पोशाखांवर बंदी आली. तेव्हापासून शर्यतीत पुरुषांचा कॉस्च्युम साध्या विणलेल्या कापडाचाच हवा, आणि बेंबीच्या वर किंवा गुडघ्याच्या खाली जाता कामा नये. हे मी कठड्याला धरून ऐकत होतो. लपवण्यासाठी घेतलेला माझा कपडा आणि त्यांचा शर्यतीचा कपडा एकाच मापाचा! तलावावर माझ्याकडे वळून कोणीच का बघत नाही, ते मला आज कळलं. त्यानंतरच ती फेरी मारली.

दुपारी आप्पांना फोन केला.

‘किती खोल?’

‘चार फूट.’

‘पाठीला काही बांधलं होतंस?’

‘नाही.’

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मे महिन्यात ये. यंदा विहिरीला पाणी आहे. ती लांब चड्डी आण बरोबर.’